‘भरलेली फी परत मिळणार नाही’ असं छापलंय? मग हे करा

सव्वीस वर्षं झाली, सांगलीत कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल टाकून बसतोय. साठेखत, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, जे येईल ते. आणि खरं सांगायचं तर ‘एकदा भरलेली रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ हे वाक्य माझ्याच बोटांखालून शेकडो वेळा गेलंय. क्लासवाले, जिमवाले, मंगल कार्यालयवाले येतात. “अण्णा, तेवढं एक कलम टाका.” टाकतो. माझं काम टायपिंगचं.

तीन वर्षांपूर्वी ते वाक्य माझ्याच समोर आलं. मुलीला नीटच्या क्लासला घातलेलं. बारा महिन्यांची फी ६०,००० रुपये, एकरकमी. दोन महिन्यांत फिजिक्सचे सर सोडून गेले आणि त्यांच्या जागी भिंतीवरच्या टीव्हीवर जुनं रेकॉर्डिंग लावायला लागले. पैसे परत मागायला गेलो, तर काउंटरवरच्या मॅडमनी पावती उलटी करून समोर सरकवली. करड्या शाईत, मुंगीएवढ्या अक्षरात कलम ११. “वाचूनच सही केलीय ना?” सही माझीच होती. चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता.

तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिली गोष्ट: ‘मी वाचलंच नव्हतं’ यावर भांडू नका. सही बांधते. मोबाइलवर ‘आय अ‍ॅग्री’ दाबलेलंही बांधतं. करार ऑनलाइन झाला एवढ्याच कारणानं तो रद्द होत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ मध्ये लिहिलेलं आहे. आपलं म्हणणं वेगळं असायला हवं: वाचलं असतं तरी एक शब्द बदलून मिळाला असता का? छापील फॉर्म, पटलं तर घ्या नाहीतर चालू पडा. अशा करारातलं अन्यायाचं कलम, दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसेल तर, कोर्ट राबवणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्येच ब्रोजोनाथ गांगुली प्रकरणात सांगितलं. तो वाद नोकरीचा होता. ग्राहकासाठी जास्त कामाचा निकाल एप्रिल २०१९ चा, पायोनिअर अर्बन या बिल्डर कंपनीचा. फ्लॅट घेणाऱ्यानं हप्ता उशिरा भरला तर १८ टक्के व्याज, आणि ताबा न मिळाल्यानं घेणाऱ्यानं करार मोडला नि बिल्डरनं पैसे परत द्यायला उशीर केला तर फक्त ९ टक्के. असा एकतर्फी करार घेणाऱ्यावर लादता येणार नाही, असं कोर्टानं म्हटलं.

त्यावरून मी एक साधी रीत धरली आहे. कलम उलटं करून वाचायचं. ‘विद्यार्थ्यानं क्लास सोडल्यास फी मिळणार नाही’, ठीक. मग ‘क्लासनं शिकवणं सोडल्यास’ काय? त्याबद्दल पावतीवर एक अक्षर नव्हतं.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये कलम २(४६) ‘अनुचित करारा’चं आहे. अवाच्या सवा डिपॉझिट, नुकसानीच्या मानानं भलताच दंड, सबळ कारण नसताना एकट्यानंच करार मोडायची मुभा, ग्राहकाला तोट्यात टाकणारी अवाजवी अट, हे सगळं त्यात येतं. तुमचं कलम यातल्या कशात बसतं ते आधी ठरवा.

बसत नसेल तर गप्प बसा, हेही सांगतो. शर्टाचा रंग घरी गेल्यावर आवडला नाही म्हणून परत घ्याच, असा कायदा नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला मात्र लागू पडत नाही. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत पैसे परत करायचे नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

ऑनलाइन खरेदीत तर ग्राहकाची बाजू लोकांना वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे आधीच टिक करून ठेवलेला चौकोन म्हणजे तुमची संमती नव्हे. ऑर्डर रद्द केल्याचे पैसे कापायचे, तर कंपनीनं स्वतः ऑर्डर रद्द केल्यावर तिनंही तसेच सोसायला हवेत. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. अटींच्या तळाशी ‘वाद फक्त बेंगळुरू न्यायालयात’ असं दिसलं तरी घाबरू नका. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींच्या कोर्टात, तक्रार करता येते. लवादाचं कलम, म्हणजे वाद कोर्टाऐवजी खासगी पंचाकडे न्यायची अट, हेही ग्राहक आयोगाचा रस्ता अडवत नाही.

आता पत्र. फोनवर आवाज चढवून काही होत नाही, हे अनुभवानं सांगतो. कागदावर हिशेब मांडायचा. मी असं लिहिलं: ‘फी ६०,०००. घेतलेली सेवा दोन महिने, वजा १०,०००. पुस्तकसंच, वजा ४,०००. येणे रक्कम ४६,०००. ठरलेले शिक्षक व प्रत्यक्ष तास बंद झाल्याने सेवेत त्रुटी झाली आहे. पावतीमागील कलम ११ एकतर्फी असून माझ्यावर बंधनकारक नाही. १५ दिवसांत रक्कम न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन.’ घेतलेल्या सेवेचे पैसे स्वतःहून वजा केले की समोरच्याचा अर्धा वाद तिथंच मिटतो. पत्र स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच जपा. पावतीच्या दोन्ही बाजूंचा फोटो, पैसे भरल्याचा एसएमएस आणि ऑनलाइन असेल तर त्या दिवशीच्या अटींच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. कंपन्या अटी बदलतात आणि जुनं पान मग शोधून सापडत नाही.

दरम्यान १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. फुकट आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तेवढ्यानंच हलतात.

नाही हलले तर जिल्हा आयोग. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. इथं भलेभले चुकतात: अर्जात ‘सदर कलम रद्द करावे’ अशी मागणी टाकतात. करारातलं कलम अनुचित म्हणून रद्द ठरवायचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे, जिल्ह्याला नाही. जिल्ह्यात ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ म्हणा आणि पैसे मागा. समोरचा ‘शिक्षण म्हणजे सेवा नव्हे’ म्हणाला, तर राष्ट्रीय आयोगाचा जानेवारी २०२० चा निकाल दाखवा. शिक्षणसंस्थांना वगळणाऱ्या त्याच निकालात कोचिंग क्लास मात्र ग्राहक कायद्याखालीच ठेवलेत.

माझं प्रकरण तिथवर गेलंच नाही. तेराव्या दिवशी क्लासचे मालक स्वतः टेबलाशी आले, चहा झाला, ४०,००० वर मिटवलं. सहा हजार मी सोडले. तारखांना गेलो असतो तर तेवढा धंदा बुडालाच असता.

पुढच्या जूनमध्ये त्यांचाच माणूस नवीन प्रवेशअर्ज टाइप करायला माझ्याकडे आला. कलम ११ होतं तसंच होतं. टाइप करून दिलं. फक्त अक्षराचा आकार १४ ठेवला.