सुपर ८ कॅमेऱ्यात रीळ भरण्याआधी या चुका टाळा

आजोबांच्या कपाटात सापडलेला किंवा मुंबईच्या चोरबाजारातून घासाघीस करून आणलेला सुपर ८ हा घरगुती चित्रणाचा जुना फिल्म कॅमेरा हाती आला, की बहुतेक नवशिके त्याच संध्याकाळी फिल्म मागवतात आणि ती घरी आली, की त्याच दिवशी संपवूनही टाकतात. मग ती धुण्यासाठी बहुधा परदेशी जाते, स्कॅन होऊन परत येईपर्यंत कित्येक आठवडे उलटतात आणि शेवटी पडद्यावर नुसता काळोख किंवा धूसर आकृत्या दिसल्या, की सगळे खापर कॅमेऱ्यावर फोडले जाते. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या अशा कॅमेऱ्यांपैकी पुष्कळसे ठणठणीत असतात. हा कॅमेरा चित्रण चालू असताना बिघाडाची फारशी खूण देत नाही, त्यामुळे जे काही तपासायचे ते फिल्म आत जाण्यापूर्वीच तपासावे लागते, आणि नेमका तेवढा अर्धा तास द्यायची कोणाची तयारी नसते.

सर्वांत आधी आपला कॅमेरा खरोखर सुपर ८ आहे का, हे दार उघडून पाहावे. कोडॅकने सुपर ८ची पद्धत १९६५ साली आणली, त्यात फिल्म बंद डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, येते. त्याआधी, १९३२ पासून, चालत आलेल्या डबल ८ कॅमेऱ्यात कार्ट्रिज नसते. त्यात १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मचे उघडे रीळ बसते, ते एका बाजूने चित्रित करून उलटवावे लागते आणि धुतल्यानंतर मधोमध कापले जाते. फुजीचे सिंगल ८ कार्ट्रिज आणखी निराळे. यांपैकी कोणतेही दुसऱ्याच्या जागी बसत नाही, तरीही ते दाबून बसवण्याचे प्रयत्न झालेले मी पाहिले आहेत.

जुन्या वस्तूंच्या बाजारात पिवळ्या खोक्यातील सीलबंद कोडाक्रोम ही कोडॅकची जुनी रंगीत फिल्म दिसली, की अनेकांना मोह आवरत नाही. तो आवरावा. कोडाक्रोमची धुण्याची प्रक्रिया पूर्णपणे स्वतंत्र होती. ती करणारी अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील शेवटची प्रयोगशाळा ३० डिसेंबर २०१० पर्यंतच रिळे स्वीकारत होती. त्यानंतर या फिल्ममधून रंगीत चित्र मिळण्याचा मार्ग उरलेला नाही. फार तर ती कृष्णधवल म्हणून धुता येते आणि त्यातूनही हाती बहुधा राखाडी धुकेच लागते. असे रीळ स्वस्तात मिळाले तर मी ते जरूर घेतो, पण केवळ चाचणीसाठी.

ही चाचणी म्हणजे काय, ते सांगतो, कारण लोक ती हमखास टाळतात. कॅमेऱ्यात सेल घालावेत, दार उघडे ठेवून कॅमेरा खिडकीकडे धरावा आणि आतल्या बाजूने गेटच्या, म्हणजे फिल्मवर उजेड पडतो त्या जागेच्या, लहानशा चौकटीतून पाहत ट्रिगर दाबावा. शटर फिरल्यामुळे उजेड लुकलुकताना दिसला पाहिजे आणि चौकटीशेजारचा, फिल्म ओढणारा बारीक पंजा खाली-वर होताना दिसला पाहिजे. त्यानंतर मुदत संपलेले कार्ट्रिज घेऊन, त्याच्या खिडकीत दिसणाऱ्या फिल्मवर मार्करने ठिपका काढावा, कार्ट्रिज बसवावे, पाच सेकंद ट्रिगर दाबावा आणि पुन्हा बाहेर काढून पाहावे. ठिपका नाहीसा झाला असेल तर फिल्म पुढे सरकते आहे. मोटरचा आवाज ऐकू येतो आणि किती फिल्म संपली ते दाखवणारा फुटांचा आकडा वाढतो, एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की काही कॅमेऱ्यांत तो आकडा फिल्ममुळे नव्हे, तर मोटरमुळे फिरतो, आणि फिल्म अडकून पडली तरी तो निर्धास्तपणे पुढे सरकत राहतो. गेटमध्ये साचलेली जुनी फिल्मची भुकटी मी लाकडी टूथपिक आणि मऊ ब्रशने काढतो. सुई, पिन किंवा चाकूचे टोक तेथे कधीही लावू नये. त्या ठिकाणी एक ओरखडा उठला, तर तो पुढच्या प्रत्येक रिळावर उभी रेघ होऊन उमटतो.

सेलच्या बाबतीत दोन चुका होतात. पहिली साधी आहे. वर्षानुवर्षे आत राहिलेले पेन्सिल सेल गळून संपर्कपट्ट्यांवर हिरवट थर साचतो आणि तो न काढताच नवे सेल कोंबले जातात. व्हिनेगरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा, मग कोरडे फडके, एवढ्याने काम बहुधा भागते. दुसरी चूक लक्षात येत नाही म्हणून जास्त नुकसान करते. पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांत मोटरसाठी पेन्सिल सेल आणि प्रकाशमापकासाठी पीएक्स ६२५ नावाचे पाऱ्याचे चपटे सेल वेगळे असतात. ते १.३५ व्होल्टचे होते आणि पाऱ्यामुळे आता बाजारातून गेले आहेत. दुकानदार त्याच आकाराचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल देतो, काटा हलतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाते. जास्त व्होल्टेजमुळे अनेक मापकांना प्रत्यक्षापेक्षा अधिक उजेड असल्याचा भास होतो, ते लेन्समधले उजेड आत सोडणारे छिद्र लहान करतात आणि चेहरे काळवंडतात. मी श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल रबरी कडी लावून बसवतो. तो १.४ व्होल्टचा असतो आणि सहज मिळतो. त्यावरची चिकटपट्टी काढल्यावर तो महिना-दोन महिन्यांत संपतो, म्हणून चित्रणाच्या दिवशीच ती काढावी.

आता त्या चुकीकडे वळतो, जिच्यामुळे मी खरोखर वैतागलो आहे. व्ह्यूफाइंडरच्या टोकाशी फिरणारी एक कडी असते, तिला डायॉप्टर म्हणतात, आणि ती आपल्या डोळ्याच्या नंबरानुसार एकदा जुळवून घ्यायची असते. कडीमुळे फिल्मवरच्या चित्रात काहीच बदल होत नाही, बदल होतो तो आपल्याला काय दिसते त्यात. त्यामुळे ती चुकीच्या जागी असली, तर आपण डोळ्याला स्पष्ट दिसेपर्यंत लेन्सचे फोकस फिरवत राहतो आणि फिल्मवर सगळे धूसर उतरते.

माझ्या परिचयातील एका तरुणाने आपल्या काकांचा कॅमेरा घेऊन आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या समारंभाचे चित्रण केले होते. काकांना जाड भिंगाचा चष्मा होता, ते तो काढून चित्रण करत आणि कडी त्यांच्या डोळ्यांनुसार फिरवून ठेवलेली होती. पुतण्याचे डोळे उत्तम. डायॉप्टरविषयी मी त्याला आधी सांगितले होते, तेव्हा त्याने ‘दिसतंय की स्पष्ट’ असे उत्तर दिले होते. स्कॅन आल्यावर आम्ही ते एकत्र पाहिले. अंगणातील मांडवाचे आणि पाहुण्यांच्या गर्दीचे प्रसंग बऱ्यापैकी निघाले होते, कारण भर उन्हात छिद्र लहान होते आणि लेन्स रुंद कोनावर होती, आणि अशा वेळी फोकसमधील चूक पुष्कळशी झाकली जाते. मात्र घरात, कमी उजेडात, छिद्र पूर्ण उघडे आणि लेन्स झूम केलेली असताना घेतलेले औक्षण पाहवत नव्हते. आजींचा चेहरा म्हणजे नुसता गव्हाळ डाग, निरांजनांच्या ज्योती फुग्यांएवढ्या, आणि त्यांच्या मागच्या भिंतीवरील दिनदर्शिकेतला तारखांचा प्रत्येक आकडा मात्र स्वच्छ वाचता येत होता. घरातल्या सगळ्या प्रसंगांत तेच. तो समारंभ पुन्हा होणार नव्हता आणि कॅमेऱ्यात काडीचाही दोष नव्हता.

यावरचा उपाय दोन मिनिटांचा आहे. लेन्स पूर्ण झूम करावी, फोकसची कडी अनंत या खुणेवर ठेवावी, दूरची एखादी इमारत किंवा मोबाइलचा मनोरा निवडावा आणि तो स्पष्ट दिसेपर्यंत फक्त डायॉप्टर फिरवावा. चष्मा लावून चित्रण करणार असाल तर चष्मा लावूनच हे करावे. त्यानंतर मी त्या कडीवर चिकटपट्टीचा तुकडा लावून टाकतो, कारण कॅमेरा हाताळायला मागणारा प्रत्येक पाहुणा सर्वप्रथम तीच कडी फिरवतो. फोकस घेताना नेहमी आधी झूम करावे, चेहरा स्पष्ट करावा आणि मग हवे तितके मागे यावे. लेन्सवरील मॅक्रोचा, म्हणजे अगदी जवळच्या वस्तूंसाठीचा, खटका चुकून तसाच राहिला नाही ना, हेही पाहावे.

फिल्टरविषयी थोडक्यात. कॅमेऱ्यावर सूर्य आणि बल्ब अशी चिन्हे असलेला जो खटका असतो, तो फिल्मच्या प्रकारासाठी आहे, हवामानासाठी नाही. टंगस्टन, म्हणजे बल्बच्या उजेडासाठी बनवलेली, फिल्म उन्हात वापरताना आतला नारिंगी फिल्टर लागतो, म्हणून खटका सूर्यावर ठेवावा. ५०डी ही फिल्म मुळातच दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असल्यामुळे ती भरली असताना खटका बल्बवरच, म्हणजे फिल्टरविना, राहू द्यावा, मग बाहेर कितीही ऊन असो.

साध्या कॅमेऱ्यांपैकी अनेकांना कार्ट्रिजवरील खाचेवरून केवळ ४० आणि १६० एएसए (फिल्मची उजेड टिपण्याची क्षमता) एवढेच ओळखता येते. त्यांत ५०डी आणि २००टी या निगेटिव्ह फिल्म निर्धास्तपणे चालतात. १०० एएसएची एक्टाक्रोम मात्र हमखास फसते, कारण अशी रिव्हर्सल, म्हणजे धुतल्यावर थेट सरळ चित्र देणारी, फिल्म प्रकाशातील चूक फारशी पोटात घालत नाही. पहिलेच रीळ एक्टाक्रोमचे हवे असा हट्ट धरणाऱ्यांना मी समजावणे सोडून दिले आहे.

एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म असते. सेकंदाला १८ चौकटींच्या (फ्रेमच्या) वेगाने ती ३ मिनिटे २० सेकंद पुरते आणि २४ चौकटींच्या वेगाने अवघी अडीच मिनिटे. तरीही फोनच्या सवयीने लोक दोन-दोन सेकंदांचे तुकडे घेतात किंवा सतत झूम मागे-पुढे करतात. प्रत्येक दृश्याला मनात दहा आकडे मोजावेत, कॅमेरा स्थिर ठेवावा आणि झूमच्या बटणाला चित्रण चालू असताना हात लावू नये. मध्येच दार उघडले तर मोजक्याच चौकटी जातात, पण फुटांचा आकडा शून्यावर येतो, त्यामुळे आधीचा आकडा लिहून ठेवावा. फ्रिजमधून काढलेले कार्ट्रिज, विशेषतः पावसाळ्यात आणि कोकणात, खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय वेष्टनातून काढू नये, नाहीतर त्यावर दव धरते.

रीळ संपल्यावर खिडकीत फिल्मवर छापलेला ‘एक्सपोज्ड’ हा शब्द दिसतो, तो दिसेपर्यंत ट्रिगर दाबून ठेवावा. विमानप्रवासात कार्ट्रिज चेक-इन सामानात टाकू नये, आणि हातातील सामानाच्या तपासणीला क्ष-किरणांचे नवे सीटी स्कॅनर असतील तर ते हाताने तपासण्याची विनंती करावी. धुवायला पाठवताना खोक्यावर फिल्मचा प्रकार स्पष्ट लिहावा. कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओला ‘धुऊन बघा’ असे सांगून चित्रपटाची निगेटिव्ह देऊ नये, कारण तिची रसायने छायाचित्रांच्या फिल्मपेक्षा वेगळी असतात. भिंतीवर प्रक्षेपण करून ते फोनने टिपणे हे स्कॅनिंग नव्हे. चौकटीगणिक स्कॅन करून देणाऱ्याकडेच ते काम द्यावे, आणि तो जास्त पैसे मागत असेल तर एक रीळ कमी चित्रित करावे.