शिश्नातलं इंजेक्शन: औषध, सुई आणि घड्याळ

‘मर्दानी ताकदीचं इंजेक्शन’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात: ताठरता आणणारं औषध, ऊती सुधारण्याचा दावा करणारे प्रयोग आणि जाडी वाढवणारे फिलर. भक्कम पुरावा आहे तो पहिल्याचाच.

शिश्नात स्पंजासारखे दोन दंड असतात. त्यांतला स्नायू एरवी आवळलेला असतो. तो सैल पडला की रक्त भरतं आणि फुगलेल्या स्पंजामुळे रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. सिल्डेनाफिलच्या (व्हायग्राच्या) गोळीला मज्जातंतूंकडून निरोप यावा लागतो, इंजेक्शनला तो लागत नाही, ते स्नायू थेट सैल करतं. म्हणून प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा जुन्या मधुमेहात गोळी हरते तिथेही ते बऱ्याचदा चालतं. १९८२ मध्ये फ्रान्सच्या रोनाल्ड व्हिराग यांनी पॅपाव्हरिन या औषधाचा हा परिणाम नोंदवला. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या जाइल्स ब्रिंडली यांनी स्वतःला टोचून घेऊन लास व्हेगासच्या वैद्यकीय सभेत पुरावा थेट श्रोत्यांसमोर उघडा केला. आज मुख्य औषध अल्प्रोस्टाडिल. ते एकट्याने चाललं नाही तर पॅपाव्हरिन आणि फेन्टोलामिनसोबतचं मिश्रण, म्हणजे ट्रायमिक्स.

पहिला डोस युरॉलॉजिस्टच्या दवाखान्यातच घ्यायचा. अल्प्रोस्टाडिलची सुरुवात साधारण २.५ मायक्रोग्रॅमने होते, मणक्याच्या दुखापतीसारखं मज्जातंतूंचं कारण असेल तर १.२५ ने. ताठरता तासाभरात उतरेल तो डोस बरोबर.

घरी हात धुवा. २७ ते ३० गेजची, सुमारे १२ मिलिमीटरची सुई घ्या. शिश्न मांडीच्या दिशेने ताणून धरा, म्हणजे त्वचा सरकत नाही. जागा बाजूची, मुळाकडच्या भागात. घड्याळाच्या भाषेत १० किंवा २ वाजता. वरच्या मध्यरेषेवर मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या, खाली मूत्रमार्ग, तिकडे जायचं नाही. दिसणारी शीर टाळा. स्पिरिटने पुसा, सुई काटकोनात पूर्ण आत घाला आणि औषध सावकाश सोडा. दट्ट्या अडला तर जोर लावू नका, सुई किंचित मागे घ्या. जागेवरच फुगवटा आला तर औषध त्वचेखाली राहिलंय. परिणाम होणार नाही, पण त्या दिवशी दुसरी सुई नाही. सुई काढल्यावर ५ मिनिटं दाबून ठेवा, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आणखी थोडा वेळ. परिणाम ५ ते २० मिनिटांत दिसतो. दोन डोसांत किमान २४ तास, आठवड्यात जास्तीत जास्त ३ वेळा, आणि दरवेळी बाजू बदलायची. एकाच जागी टोचत राहिलं की आत चट्टा धरतो आणि शिश्न वाकतं.

टोचल्याची वेळ लिहून ठेवा. ताठरता ४ तास टिकली तर थेट इमर्जन्सी, पहाटेचे तीन वाजले असले तरी. आत अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपतो आणि स्नायू मरायला लागतो. तिथे सुईने रक्त काढून फेनिलएफ्रिन हे रक्तवाहिन्या आवळणारं औषध देतात, रक्तदाबावर लक्ष ठेवून. लाजेपायी सकाळपर्यंत थांबलेल्यांची ताठरता कायमची जाऊ शकते. सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) असेल तर हे इंजेक्शन नकोच. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या कुटुंबांत सिकलसेलची तपासणी आधी झालेली असावी. निव्वळ वाहक असाल तरी डॉक्टरांना सांगा. ल्युकेमिया किंवा मल्टिपल मायलोमा, हे रक्ताचे कर्करोग असतील तरीही नको.

आता प्रयोग. पीआरपी म्हणजे तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स दाट करून टोचणं. कल्पना अशी की त्यांतले वाढघटक रक्तवाहिन्या दुरुस्त करतील. ग्रीसमधल्या २०२१ च्या चाचणीत फायदा दिसला होता. मायामीच्या २०२३ च्या चाचणीत एका महिन्यानंतर पीआरपी घेतलेल्यांपैकी सुमारे ५८ टक्के सुधारले, आणि नुसतं सलाइन टोचलेल्यांपैकी सुमारे ५४ टक्के. शेवटचा आकडा दोनदा वाचा. स्टेम सेल आणि बोटॉक्सचा पुरावा अजून तोकडा आहे. दवाखाना यासाठी पैसे मागत असेल तर एकच विचारा: ही नोंदणीकृत चाचणी आहे का? मग पैसे का?

जाडीसाठी हायलुरोनिक ॲसिडचं जेल वापरतात; त्याच्या गाठी होऊ शकतात, पण ते विरघळवणारं एन्झाइम तरी असतं. तेल, व्हॅसलिन, पॅराफिन किंवा द्रव सिलिकॉन विरघळत नाही. त्याभोवती महिन्या-वर्षांनी कठीण गाठी होतात, त्वचा फाटते आणि शेवटी ती सगळी काढून तिथे दुसरीकडची कातडी लावावी लागते.