घरच्या घरी केलेली दुरुस्ती फसली? या चुका टाळा

साताऱ्याच्या पेठांमधली दगड-मातीची जुनी घरं घ्या, नाहीतर सांगलीच्या गावभागातली पुरात भिजलेली. दुरुस्ती बहुतेक एकाच जागी बिघडते. पोपडे आले की त्यांवर सिमेंट थापलं जातं आणि पाणी कुठून येतंय हे कुणी बघत नाही. झाकलेलं पाणी वर्षभरात दुसरीकडून निघतं, आणि तोवर नवा गिलावा, रंग, टाइल सगळंच वाया गेलेलं असतं.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा

जुन्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, मातीच्या किंवा चुन्याच्या असतात. अशी भिंत जमिनीतली ओल शोषते आणि दोन्ही अंगांनी हवेत सोडते. सिमेंट ही वाट बंद करतं. मग गुडघ्यापर्यंतची ओल खिडकीच्या चौकटीपर्यंत चढते. पाण्यातले क्षार गिलाव्यामागे साठून फुगतात, आणि एक दिवस गिलावा मागची माती घेऊन पापुद्र्यासारखा सुटतो. बोटाने टकटक करून बघा, सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो. खाली तीन फूट टाइल लावल्या तरी हेच होतं, फक्त लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी पूड, टाइलच्या वर दिसायला लागतो.

काही फोडण्याआधी भिंतीला फूटभर चौरस प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला आले तर दोष दमट हवेचा, तिथे खिडकी उघडणं हाच उपाय.

ओल भिंतीतली निघाली तर आधी घराबाहेर जाऊन बघा. रस्त्यावर थरावर थर चढून जोतं रस्त्याच्या बरोबरीला आलंय का? पागोळ्या जोत्याशीच पडतात का? मोरीचं पाणी भिंतीलगत मुरतं का? बाहेरची जमीन जोत्याच्या वरच्या कडेपेक्षा निदान 6 इंच खाली हवी, आणि तिचा उतार घरापासून लांब, 4 फुटांना 1 इंच असा. हे झाल्याशिवाय आत थापी लावू नका.

मग ओलीच्या रेषेच्या वर दीड फुटापर्यंत गिलावा काढा. छिन्नी तिरकी धरा, सरळ ठोकली तर दगड हलतात. दर्जांमधला भुसभुशीत भाग इंचभर खोल खरवडा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून घराबाहेर टाका. धुवायला गेलात तर क्षार पाण्याबरोबर परत भिंतीत शिरतात.

आता भिंत उघडी ठेवायची. हे कुणालाच आवडत नाही, पण जाड भिंत वाळायला इंचाला साधारण महिना धरावा लागतो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांपर्यंत चढली होती. तसल्या पाण्यात काही दिवस उभी राहिलेली 18 इंची भिंत दिवाळीपर्यंत वाळणं शक्यच नाही. पूर ओसरला की लगेच गिलावा काढा, निदान एक उन्हाळा पूर्ण जाऊ द्या, भिंत वाळली की मगच नवा करा.

नव्या गिलाव्याला 1 भाग विझवलेला चुना, 1 भाग सुर्खी (विटांची भुकटी), 2 भाग चाळलेली वाळू. थर अर्ध्या इंचापेक्षा जाड नको. पहिला थर आठवडाभर ओलसर ठेवून मग दुसरा द्या. कळीचा चुना विझवताना उकळून उडतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे घालाच, पोरांना लांब ठेवा. रंगही चुन्याचाच द्या. वरून ऑइलपेंट मारलात तर भिंत पुन्हा कोंडली. सिमेंट-विटांच्या आरसीसी घराला मात्र सिमेंटचा गिलावा चालतो.

बाथरूममध्ये टाइलवर टाइल

खालच्या खोलीच्या छताला डाग पडला की वर नव्या टाइल बसवतात. टाइल पाणी अडवत नाही, ते काम खालच्या वॉटरप्रूफिंगचं. आधी बाथरूम दोन दिवस बंद ठेवा. तरीही डाग ओलाच असेल तर बहुधा नळाची पाइप गळते. डाग सुकला तर दोष जमिनीचा किंवा जाळीच्या तोंडाचा. आता जाळी घट्ट बंद करा आणि जमिनीवर दोन इंच पाणी साठवा. दिवसभरात डाग परत आला तर जमीन, न येता जाळी उघडल्यावर आला तर ट्रॅप, म्हणजे जाळीखालचं पाणी जायचं भांडं.

जमीन फोडायचीच असेल तर स्लॅबपर्यंत जा. कोपऱ्यांत सिमेंट-वाळूची गोलाई द्या, गवंडी तिला वाटा म्हणतात. त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर फूटभर आणि शॉवरपाशी सहा फूट चढवा. टाइल बसवण्याआधी 48 तास पाणी भरून ठेवा. हा टप्पा गाळायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. टाइलचा उतार जाळीकडे, 8 फुटांना 1 इंच.

भिंत पाडून हॉल मोठा

वाड्यात वजन तुळया-खांबांवर असतं, असं धरून भिंत पाडली जाते. पण तुळयांची टोकं भिंतीत शिरलेली असतील तर ती भिंत वजन पेलते. हे क्षेत्र 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाचं आहे, इथे निम्मी कापलेली भिंत तशीच ठेवणं जिवावर बेतू शकतं.

दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली, दार घासायला लागलं, तर ठोकाठोक तिथेच थांबवा. वरची खोली रिकामी करा. लोखंडी जॅक तीन-तीन फुटांवर लावा, खाली आणि वर जाड फळी घालून. ते फक्त टेकू द्या, छत उचलायचं नाही. भेगेवर काचेची पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून बाजूला तारीख लिहा. पट्टी तडकली म्हणजे भिंत अजून सरकतेय. पुढचं काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं, गवंड्याचं नव्हे.

एमसीबी पडते म्हणून मोठी बसवली

एमसीबी म्हणजे तारेवर जास्त भार आला की आपोआप पडणारं बटण. गिझर लावला की 16 अँपिअरची एमसीबी पडते, म्हणून तिथे 32 ची बसवतात. मग तार तापते तरी एमसीबी पडत नाही. 2 किलोवॉटच्या गिझरला साधारण 9 अँपिअर लागतात, त्याला स्वतंत्र 2.5 चौरस मिमीची तांब्याची तार आणि 16 ची एमसीबी द्या. बोर्डावर 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण, हवं. त्याचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबा. दाबूनही वीज गेली नाही, तर वायरमनला बोलावून ते त्याच दिवशी बदला.