गोव्यात भाड्याचं घर शोधताना: आधी नदी, मग पाणी, मग भाडं

नकाशावर गोवा मुठीत मावेल असा दिसतो. पणजी ते म्हापसा 13 किलोमीटर, पणजी ते मडगाव साधारण 33. त्यामुळे बाहेरून नोकरीसाठी येणारा माणूस स्वस्त भाडं बघून कुठेही घर घेतो आणि महिन्याभरात वैतागतो. मांडवी आणि झुआरीने या राज्याचे तुकडे पाडलेत आणि सगळी वाहतूक मोजक्या पुलांवर येऊन कोंबली जाते. कामाची जागा नदीच्या ज्या काठाला, घरही त्याच काठाला बघा. झुआरीचा नवा पूल 2022 आणि 2023 च्या डिसेंबरात टप्प्याटप्प्याने खुला झाल्यापासून पणजीहून वेर्ण्याला रोज ये-जा करता येते, पण ती स्वतःची गाडी असेल तरच. पर्वरीत मात्र उड्डाणपुलाच्या कामाने सकाळचा वेळ कसा जातो ते भाडं ठरवण्याआधी एकदा नऊच्या ठोक्याला स्वतः जाऊन बघा, रविवारी दुपारी नाही.

वेर्णा औद्योगिक वसाहतीत काम असेल तर मडगाव, नुवे, कुठ्ठाळी किंवा चिखली. पिळर्ण किंवा पर्वरीचं सचिवालय असेल तर पर्वरी नाहीतर म्हापसा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) असाल तर सांताक्रुझ, मेरशी, ताळगाव. मोपा विमानतळासाठी पेडणे, धारगळ, कोलवाळ. आठवड्याला सावंतवाडी-कुडाळला घरी जाणाऱ्यांनाही हाच पट्टा बरा, थिवीचं रेल्वे स्टेशन हाताशी असतं. कुंडई, मडकई, बेतोडा इथल्या कारखान्यांसाठी फोंडा.

घरात शाळकरी मूल आणि मराठी बोलणारे आई-वडील असतील तर आमचं पहिलं मत फोंड्याला. पाण्याचा ओपा प्रकल्प याच तालुक्यात, मंगेशी-म्हार्दोळ-कवळे जवळ, राजीव गांधी कला मंदिरात नाटकं, बाजार भरलेला. उणं एवढंच की समुद्राचा वारा नाही, एप्रिल-मे उकाड्यात जातो, आणि गावात रेल्वे नाही. मराठी प्राथमिक शाळा पेडणे, डिचोली, सत्तरी आणि फोंडा तालुक्यांत सहज सापडतात. सासष्टीत, म्हणजे मडगावच्या तालुक्यात, शोधाव्या लागतात. पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजी माध्यमच, हे धरून चाला.

डिचोली आणि साखळीत भाडं पणजीपेक्षा कमी आणि माणसं आपलीशी, पण दोन गोष्टी तपासा. साखळीच्या बाजारपेठेत वाळवंटी नदीचं पाणी शिरतं, त्यामुळे तळमजला घेऊ नका. दुसरं म्हणजे खनिजवाहू ट्रक. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने थांबलेल्या खाणींपैकी काही लिलावानंतर पुन्हा सुरू झाल्यात. ट्रकच्या मार्गावरचं घर असेल तर लाल धूळ स्वयंपाकघरापर्यंत येते. वास्कोत बंदराजवळच्या सडा, बोगदा, बायणा भागात असाच प्रश्न कोळशाच्या भुकटीचा. पांढरा ओला रुमाल बाल्कनीच्या गजावरून आणि वरच्या सज्जावरून फिरवा, एजंट काय सांगतो ते ऐकायची गरज उरत नाही. मडगावात सोनसडोच्या कचऱ्याचा वास वारा फिरला की कुठवर येतो, ते शेजारच्या दुकानदाराला विचारा.

कळंगुट, कांदोळी, हणजूण, शिवोली या किनारपट्टीवर घर जूनमध्ये अगदी स्वस्तात मिळतं. ते पावसाळ्यापुरतंच असतं. ऑक्टोबर आला की मालकाला पर्यटक हवे असतात आणि तुम्हाला सामान बांधावं लागतं. अकरा महिन्यांचा लेखी करार आणि मधे घर खाली करायला लावणार नाही हे कलम, यांशिवाय तिथे डिपॉझिट देऊ नका.

आता पाणी. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गोव्यात मे महिन्यात टँकर फिरतात, कारण चिऱ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही आणि किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. माणशी 135 लिटर धरले तर चौघांना दिवसाला 540 लिटर लागतात. म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी दोन दिवससुद्धा पुरत नाही. नळ किती वाजता येतो आणि किती वेळ टिकतो ते विचारा, मग त्याच वेळी जाऊन 20 लिटरची बादली लावा. दोन मिनिटांत भरली तर तासाला 600 लिटर, ठीक आहे. पाच मिनिटं लागली तर तासाला 240च, मग खाली साठवणीची टाकी आणि पंप आहे का ते बघा. टेकडीच्या टोकावरच्या नव्या सोसायट्यांत दाब कमी पडतो, तिथे टँकरचा खर्च महिन्याला कोण भरतं हे आधीच ठरवा.

ओलीचं प्रकरण याहून नाजूक. डिसेंबरात ताजा रंग मारलेलं घर बघून भुलू नका. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिणेच्या भिंती आतून हाताने चाचपा. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून मागच्या फळीचा वास घ्या. बुरशीचा वास रंगाने जात नाही. जमिनीपासून दोन-तीन फुटांवर गिलाव्याला पोपडे किंवा पांढरी क्षाराची रेघ असेल तर पाणी खालून चढतंय, ते भाडेकरूच्या हातात नाही. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या वर पत्र्याची शेड आहे का? नसेल तर जुलैत छतावर नकाशे उमटतात. घरासमोरचा रस्ता जोत्यापेक्षा उंच झाला असेल, म्हणजे डांबराचे थर चढत गेलेत, तर पाणी अंगणातच येणार. भराव टाकून बुजवलेल्या खाजनात (खाडीकाठच्या सखल खारजमिनीत) किंवा शेतात उभ्या राहिलेल्या इमारतीचा तळमजला तर सोडूनच द्या. पणजीत मळा आणि 18 जून रस्त्याच्या आसपास भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की पाणी साचतं; आल्तिनोच्या चढावर तो त्रास नाही, पण घरं थोडी आणि महाग.

गाडी नसेल तर बसचा शेवटचा फेरा विचारा. पणजी-मडगाव, पणजी-म्हापसा, पणजी-वास्को या मार्गांवर कदंबच्या (गोव्याच्या सरकारी बससेवेच्या) शटल चांगल्या. आतल्या गावांकडे रात्री आठनंतर बस मिळणं कठीण. दक्षिण टोकाच्या काणकोणच्या निसर्गाला तोड नाही असं असलं तरी म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना बांबोळीचं हॉस्पिटल साठ किलोमीटरहून लांब आहे हे ध्यानात ठेवा.

घर पसंत पडलं की वीज आणि पाण्याची शेवटची दोन बिलं मागा. थकबाकी असेल तर जोडणी तुटते तेव्हा अंधारात तुम्ही बसता, मालक नाही. पोलिस ठाण्यात भाडेकरू पडताळणीचा अर्ज मालकाने द्यायचा असतो, त्याची पोच स्वतःकडे ठेवा. आणि करारात तीन ओळी हाताने का होईना लिहून घ्या: गळती कोण दुरुस्त करणार, टँकर कोण मागवणार, आणि सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार की नाही. यातल्या तिसऱ्या ओळीवरच सगळ्यात जास्त भांडणं होतात.