ऑफिसात चालणारा लॅपटॉप घरी अडतो तेव्हा: जागेप्रमाणे नेटवर्क सेटिंग्ज कशी लावावीत

ऑफिसात सुरळीत चालणारा लॅपटॉप घरी आणला, वायफाय जोडलं गेलं, खूणही पूर्ण दिसतेय, पण एक पान उघडेल तर शपथ. अशा वेळी आधी राउटर बंद-चालू केला जातो. दोष मात्र बहुतेकदा लॅपटॉपातच असतो: ऑफिसचा स्थिर (हाताने भरलेला, न बदलणारा) आयपी पत्ता किंवा ऑफिसचा प्रॉक्सी (ब्राउझर आणि इंटरनेट यांच्या मधला सर्व्हर) तसाच राहिलेला असतो.

रोज हाताने बदलाबदल करायची गरज नाही. कुठली सेटिंग कुठे साठवली जाते, तेवढं नीट कळलं पाहिजे. काही सेटिंग्ज वायफायच्या नावागणिक वेगळी राहतात, काही ॲडॉप्टरला (लॅपटॉपातल्या वायफायच्या किंवा केबलच्या जोडणीच्या भागाला) लागतात आणि काही अख्ख्या मशीनला. बहुतेक घोळ दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात होतात.

उदाहरण धरू. ऑफिसात लॅपटॉपला १९२.१६८.१.५० हा पत्ता दिलाय, गेटवे (बाहेर जाण्याचं दार, म्हणजे सहसा राउटर) १९२.१६८.१.१. घरी जिओफायबरचा राउटर आहे, त्याचा पत्ता १९२.१६८.२९.१. प्रवासात आयफोनचा हॉटस्पॉट, तिथले पत्ते १७२.२०.१० ने सुरू होतात. ऑफिसचा पत्ता ॲडॉप्टरलाच चिकटवून ठेवला, तर उरलेल्या दोन्ही ठिकाणी लॅपटॉप नसलेल्या गेटवेला हाका मारत बसणार.

लॅपटॉप ऑटोमॅटिकवरच ठेवता येतो का, ते आधी बघा

ऑफिसात नेटवर्क सांभाळणाऱ्याला सांगा की माझ्या लॅपटॉपसाठी पत्ता डीएचसीपी सर्व्हरवरच (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरवर) राखून ठेवा. मग लॅपटॉप सगळीकडे ऑटोमॅटिकवर राहतो आणि ऑफिसात त्याला नेहमी तोच पत्ता मिळतो. आमच्या मते हाच सर्वांत चांगला उपाय, कारण बदलायला काही उरतच नाही. त्यांना लॅपटॉपचा मॅक पत्ता (नेटवर्कच्या हार्डवेअरचा स्वतःचा ओळख क्रमांक) लागेल. वायफायचा आणि केबलचा मॅक पत्ता वेगळा असतो, आणि यूएसबी डोंगल किंवा डॉक वापरत असाल तर त्याचा आणखी वेगळा. जे वापरता त्याचाच द्या. विंडोजमध्ये त्या नेटवर्कसाठी ‘रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस’ आणि ॲपलच्या मॅक संगणकावर ‘प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस’ बंद ठेवा. नाहीतर सर्व्हरला लॅपटॉप ओळखूच येणार नाही आणि राखलेला पत्ता पडून राहील.

विंडोज: वायफाय

पत्ता हातानेच भरावा लागणार असेल, तर तो फक्त ऑफिसच्या वायफायला लावा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, मग ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’. यादीतून ऑफिसचं नाव निवडा, ‘आयपी असाइनमेंट’समोरचं एडिट दाबा, मॅन्युअल निवडून आयपीव्ही४ चालू करा. पत्ता १९२.१६८.१.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१, आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) ऑफिसने दिलेला. विंडोज १० मध्ये मास्कच्या जागी ‘सबनेट प्रीफिक्स लेंग्थ’ विचारतात. तिथे २४ लिहायचं. २५५.२५५.२५५.० टाकलं की सेटिंग सेव्ह होत नाही आणि नेमकं काय चुकलं तेही सांगितलं जात नाही.

घरचं नेटवर्क याच यादीत ऑटोमॅटिकवर राहू द्या. आता लॅपटॉप ज्या नावाला जोडला जाईल, त्या नावाची सेटिंग उचलेल.

कधी त्या पानावर अशा अर्थाची ओळ दिसते की सगळ्या वायफाय नेटवर्कसाठी डीएनएस आधीच ठरवला आहे, खालची सेटिंग्ज वापरली जाणार नाहीत. म्हणजे पूर्वी कुणीतरी ॲडॉप्टरलाच डीएनएस लावून ठेवलाय. वायफायच्या ‘हार्डवेअर प्रॉपर्टीज’मध्ये जाऊन तो ऑटोमॅटिक करा, त्याशिवाय वर भरलेलं सगळं वाया.

एक अडचण या पद्धतीने सुटत नाही: दोन शाखांत वायफायचं नाव एकच आणि पत्त्यांची मालिका वेगळी. विंडोजच्या लेखी ते एकच नेटवर्क. तिथे डीएचसीपीवर पत्ता राखून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

विंडोज: केबल

केबलला नाव नसतं, म्हणून इथे वेगळी सोय आहे. कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, ‘चेंज ॲडॉप्टर सेटिंग्ज’, इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आयपीव्ही४, पुन्हा प्रॉपर्टीज. पहिल्या टॅबवर पत्ता आपोआप घेण्याचा पर्याय ठेवा. तो ठेवला तरच शेजारी ‘ऑल्टरनेट कॉन्फिगरेशन’ हा टॅब दिसतो. त्यात ‘युजर कॉन्फिगर्ड’ निवडून ऑफिसचा पत्ता भरा.

आता लॅपटॉप आधी डीएचसीपीकडे पत्ता मागेल. कुणीच उत्तर दिलं नाही तर थोडं थांबून हा पर्यायी पत्ता लावेल. म्हणून ऑफिसात डीएचसीपी नसेल तरच हा उपाय लागू पडतो. एखादा सर्व्हर वेगळाच पत्ता देत असेल, तर पर्यायी पत्त्याची पाळी कधीच येणार नाही.

प्रॉक्सी

पत्त्यापेक्षा जास्त छळतो तो हा. विंडोजमधला प्रॉक्सी वायफायच्या नावाशी बांधलेला नसतो; केबल असो वा वायफाय, घर असो वा ऑफिस, तो सगळीकडे लागू. ओळखायची खूण अशी: कमांड प्रॉम्प्टमधून ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग (पोहोचतंय का ते तपासणारा छोटा संदेश) जातं, पण ब्राउझर प्रॉक्सी सर्व्हरशी जोडता येत नाही म्हणून तक्रार करतो. सेटिंग्जमधल्या प्रॉक्सीच्या पानावर मॅन्युअल प्रॉक्सी बंद करा, पानं उघडू लागतील.

हे रोज करायचं नसेल तर ऑफिसकडून सेटअप स्क्रिप्टचा (प्रॉक्सी कधी वापरायचा ते ब्राउझरला सांगणाऱ्या फाइलचा) पत्ता मागा आणि त्याच पानावर ‘यूज सेटअप स्क्रिप्ट’मध्ये भरा. ऑफिसात ब्राउझर ती स्क्रिप्ट वाचून प्रॉक्सीने जातो. घरी स्क्रिप्ट मिळत नाही, मग तो सहसा थेट जातो. फायरफॉक्सची प्रॉक्सी सेटिंग स्वतंत्र असू शकते, तीही तपासा.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर ‘लोकेशन्स’ ही सोय आहे आणि ती खरोखर नेटकी आहे, कारण पत्ता, डीएनएस आणि प्रॉक्सी तिन्ही एकत्र बदलतात. सिस्टिम सेटिंग्ज, नेटवर्क, खालच्या तीन टिंबांचा मेनू, लोकेशन्स, ‘एडिट लोकेशन्स’. ऑफिस आणि घर अशी दोन करा. एकाहून जास्त लोकेशन्स झाली की ॲपल मेनूतूनच बदलता येतात. मात्र नाव ओळखून मॅक आपणहून लोकेशन बदलत नाही, ते तुम्हालाच निवडावं लागतं.

लिनक्सवर नेटवर्क मॅनेजर (जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम) असेल तर प्रत्येक वायफायचं प्रोफाइल वेगळंच असतं. केबलसाठी अधिकच्या चिन्हावरून दुसरं प्रोफाइल जोडा.

घर आणि ऑफिसची मालिका एकच असली तर

घरून व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कात नेणारी सुरक्षित जोडणी) जोडलंय, पण ऑफिसचा १९२.१६८.१.२० वरचा प्रिंटर सापडत नाही. घरचा राउटरही १९२.१६८.१ याच मालिकेत असेल, तर लॅपटॉप तो प्रिंटर घरातच शोधतो. राउटरच्या लॅन (घरातल्या नेटवर्कच्या) सेटिंगमध्ये घरची मालिका बदला, समजा १९२.१६८.३७.१. बदल सेव्ह होताच घरातली उपकरणं क्षणभर तुटतील आणि नवा पत्ता घेऊन परत जोडली जातील. स्थिर पत्ता दिलेला कॅमेरा किंवा प्रिंटर घरी असेल, तर त्याचा पत्ता राउटरच्या आधी बदला. नंतर बदलायला गेलात तर तो जुन्याच मालिकेत अडकलेला असेल आणि त्याचं पान लॅपटॉपवरून उघडणार नाही.