गोवा ते लंडन: प्रवासाचा हिशेब करताना या चुका टाळा

गोवा ते लंडन हीथ्रो सरळ हवाई अंतर सुमारे 7,590 किलोमीटर आहे. त्याला ताशी 900 किलोमीटरने भागलं की साडेआठ तासांच्या आत उत्तर येतं आणि तिथेच पहिली चूक होते. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीपर्यंतचा फेरा, चढण, उतरण, कधी लंडनवर घिरट्या असं सगळं येतं. शिवाय विमान सरळ रेषेत जातच नाही. ही रेषा पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्यावरून आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद आहे आणि एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली.

जायला आणि यायला सारखाच वेळ धरू नका. वरचे वारे या मार्गावर बहुतेक वेळा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ताशी 80 किलोमीटरचा वारा धरून पाहा: जाताना वेग 820, म्हणजे सव्वानऊ तास, येताना 980, म्हणजे पावणेआठ. दीड तासाचा फरक फक्त वाऱ्याचा.

सगळ्यात जास्त गोंधळ घड्याळाचा. तिकिटावरच्या दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात. भारतातून सकाळी 10 ला सुटून लंडनला दुपारी 3.30 ला पोचणारं विमान साडेपाच तासांत पोचत नाही. हिवाळ्यात लंडन आपल्यामागे साडेपाच तास असतं, म्हणून प्रवास 11 तासांचा. याच वेळा जुलैच्या तिकिटावर असतील तर प्रवास 10 तासांचा, कारण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं एक तास पुढे असतात. सोपा उपाय: दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत लिहा, मगच वजाबाकी करा. पोचण्याच्या वेळेशेजारी ‘+1’ दिसला तर तारीख दुसऱ्या दिवसाची. न्यायला येणाऱ्याला तीच कळवा.

अंतराचं एककही तपासा. हेच अंतर सुमारे 4,100 नॉटिकल मैल होतं. नॉटिकल मैल 1.852 किलोमीटरचा, साधा मैल 1.609 चा, गल्लत केली की जवळजवळ हजार किलोमीटर गायब!

थांबा कुठे घ्यायचा हे नकाशा बघून ठरवू नका. दुबईमार्गे गेल्यास अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटरने वाढतं. दिल्लीमार्गे मात्र सहाशेहून अधिक. खरा वेळ खातो तो मधला मुक्काम. मुंबईमार्गे दोन वेगळी तिकिटं काढलीत तर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. त्यात गोव्याचं विमान टर्मिनल 1 ला उतरलं तर टर्मिनल 2 पर्यंत रस्त्याने जायचं. अशा वेळी पाच तास तरी हाताशी ठेवा. शक्यतो एकच तिकीट काढा.

आणि घरातून निघण्याआधी तिकिटावरचा विमानतळाचा कोड वाचा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. दोन्हींमध्ये साठेक किलोमीटर रस्ता, वाटेत झुआरी आणि मांडवीचे पूल. मडगाव-काणकोणकरांनी जीओएक्स दिसताच टॅक्सीची वेळ अलीकडे घ्यावी.