भाकरीत दाणे किती? प्राथमिकच्या रोजच्या विषयांतून मुलांचा आध्यात्मिक विकास

आध्यात्मिक विकास म्हटलं की बहुतेक शाळांत तो परिपाठाच्या खात्यावर टाकला जातो. प्रार्थना, सुविचार, बोधकथा, शेवटी मौन, आणि त्या दिवसापुरता विषय मिटतो. पण सहा ते दहा वर्षांच्या पोरांना मोठे प्रश्न रांगेत उभं असताना पडत नाहीत. मेलेली चिमणी कुठं जाते, मोजत राहिलं तर आकडे कुठं संपतात, दुसऱ्याला लागलं तर मला का कसंतरी होतं, हे सगळं धडा चालू असताना सुचतं. आणि ‘पुढचं वाच’ म्हटलं की तिथंच विझतं. म्हणून वेगळा तास काढण्यापेक्षा आहे त्याच तासात जागा करणं शहाणपणाचं. एकशिक्षकी, द्विशिक्षकी शाळेत तर दुसरा मार्गही नाही.

आधी हद्द ठरवून घ्या. जिल्हा परिषदेची शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते आणि संविधानाच्या कलम 28 प्रमाणे अशा शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. विदर्भातल्या एका वर्गात वारकरी घरचं, बौद्ध घरचं, गोंड घरचं, मुसलमान घरचं पोर शेजारी शेजारी बसलेलं असतं. कामचलाऊ कसोटी अशी, की ज्या वाक्यानं वर्गातलं एखादं घर खोटं ठरतं, ते वाक्य शिक्षकानं उच्चारायचं नाही. मूल स्वतःहून देवाबद्दल बोललं तर मात्र अडवायचं नाही. ‘तुमच्या घरी असं मानतात. आणखी कुणाच्या घरी काय म्हणतात?’ एवढंच विचारायचं.

मग उरतं काय? चकित होणं, थांबून पाहणं, दुसऱ्याचं मन ओळखणं, आणि ज्याला लगेच उत्तर नाही असा प्रश्न मनात बाळगता येणं. हे चारही कोणत्याही विषयात बसतं.

तासाची आखणी

चाळीस मिनिटांच्या तासात नेहमीचा पाठ पंचवीस मिनिटं, प्रत्यक्ष अनुभव दहा मिनिटं, शेवटची पाच मिनिटं शांतता आणि बोलणं. आठवड्यात असे दोन तास पुरेत. रोज केलं की त्याचाही परिपाठ होतो.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे प्रश्न विचारून गप्प राहणं. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं लांब आणि विचार केलेली येतात, हे मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं 1970 च्या दशकात वर्ग पाहून दाखवलं. इथल्या कामासाठी मनात दहापर्यंत मोजा. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्नावर प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या या माणसाची फोटोपुरती आठवण काढण्यापेक्षा ही पद्धत उचललेली बरी.

मौन वयाप्रमाणे द्या. पहिली-दुसरीला तीस सेकंद, तिसरी-चौथीला एक मिनिट. ‘डोळे मिटा’ अशी सक्ती नको. काही पोरं घाबरतात, काही एकमेकांना चिमटे काढतात. जमिनीवरच्या एका ठिपक्याकडे पाहायला सांगितलं तरी चालतं.

गणित: भाकरीतले दाणे

सामान: पावशेर ज्वारी, काडेपेटीची रिकामी झाकणं, आणि दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा. शाळेच्या तराजूत तीन-चार ग्रॅम नीट कळत नाहीत, म्हणून शंभर दाणे तोलायच्या फंदात पडू नका, हजारच तोला. दहा मुलांनी प्रत्येकी शंभर दाणे मोजायचे, तेही दहा-दहाचे ढीग करून. पहिली-दुसरीची पोरं ढीग करतील, तिसरी-चौथीची गुणाकार करतील, त्यामुळे चारही वर्ग एकाच कामात गुंततात. पंखा बंद ठेवा. दिसायला सुंदर म्हणून गुंजा कधीच मोजायला देऊ नका. चावलेली गुंज जिवावर बेतू शकते.

हजार दाणे वाणाप्रमाणे 25 ते 35 ग्रॅम भरतात. एका भाकरीला साधारण 90 ते 100 ग्रॅम पीठ लागतं. नेमकं किती, ते पोषण आहाराच्या ताईंना विचारून मुलांनीच तोलावं. हिशेब तीन हजारांच्या आसपास येतो. आकडा फळ्यावर लिहा आणि विचारा, ‘या तीन हजार दाण्यांना ताटात येईपर्यंत कुणाकुणाचा हात लागला?’ बैलाचा पाय, पाखराची चोच, गिरणीवाल्याचा हात, सगळं येऊ द्या. मग एक मिनिट शांतता.

इथं हमखास एक चूक होते. शिक्षक शेवटी म्हणतात, ‘म्हणून अन्न टाकू नये.’ हे वाक्य आलं की पोरांना वाटतं, सगळा खटाटोप याच्यासाठीच होता, आणि पुढच्या वेळी ती विचार न करता तेच उत्तर देतात. ते वाक्य गिळा. जेवणाच्या वेळी खिचडीच्या ताटासमोर, तोंडात घास घालण्याआधी, पुन्हा तेवढाच प्रश्न आठवून द्या.

अपूर्णांक शिकवताना भाकरीचे अर्धे, अर्ध्याचे अर्धे करत जा. हातानं सहा-सात वेळा जमतं, मग तुकडा हाती राहत नाही. ‘मनात किती वेळा करता येईल?’ असं विचारा आणि उत्तर देऊ नका.

परिसर अभ्यास: पऱ्हाटीचं फूल

विदर्भातल्या पोरांनी कापूस पाहिलेला असतो, पण फूल दोन दिवस सलग पाहिलेलं क्वचितच. जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या पावसात शाळेच्या आवारात तीन-तीन फुटांवर चार-पाच सरक्या टोबा. शेतात मुलांना नेणं टाळा. फवारणी कधी झाली हे नक्की कळत नाही, आणि फवारलेल्या पऱ्हाटीत पोरांनी हात घालणं धोक्याचं आहे. शाळेतल्या झाडांवर काहीही फवारू नका, दोन बोंडं किडली तर किडू द्या.

साधारण दोन महिन्यांनी फुलं येतात. परिपाठानंतर उमललेल्या फुलाच्या देठाला रंगीत दोरा सैल बांधा आणि वहीत तारीख लिहा. पहिल्या दिवशी फूल पांढरट असतं. दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी झालेलं दिसतं आणि मिटतं, मग लवकरच गळतं. दोऱ्याच्या जागी छोटं बोंड राहतं आणि ते फुटायला दीड-दोन महिने लागतात. (दोरा घट्ट बांधला तर देठ कापला जातो आणि बोंड गळतं. नेहमी होतं.)

गुलाबी फूल दिसल्यावर कारण सांगायची घाई करू नका. ‘लाजलं’, ‘ऊन लागलं’, ‘म्हातारं झालं’ अशी उत्तरं येतील. त्या दिवशी फक्त लिहून घ्या. फुलात तयार होणाऱ्या रंगद्रव्याबद्दल दुसऱ्या दिवशी सांगा. कारण कळल्यानं नवल संपतं असं नाही. ते संपतं, प्रश्न नीट पडायच्या आत उत्तर हातात ठेवल्यानं.

आकाशाचा धडा हिवाळ्यात घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री आठच्या सुमारास मृगातले ओळीतले तीन तारे शोधायचे आणि ती रेघ खाली आग्नेयेकडे वाढवायची. तिथं लखलखणारा तारा म्हणजे व्याध. दिवसा फळ्यावर आकृती काढून द्या, पाहणं घरून, आई-आजीसोबत. काही वर्षी जवळपास गुरू असतो आणि तो व्याधापेक्षा तेजस्वी दिसतो. म्हणून ‘सगळ्यात चमकणारा’ असं न सांगता तीन ताऱ्यांची रेघच पकडायला सांगा. दुसऱ्या दिवशी सांगा: या ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला सुमारे 8.6 वर्षं लागतात. तिसरीतल्या पोरांचा जन्म झाला त्याच्या आगेमागे निघालेला उजेड काल रात्री त्यांच्या डोळ्यात शिरला. यापुढं काही बोलू नका.

मराठी आणि कला

कोऱ्या कागदाच्या मधोमध फुली काढायची, ती म्हणजे मी. दोन मिनिटं गप्प बसून ऐकू येईल तो आवाज ज्या दिशेला आहे तिथं खूण करायची: होला, मोटरपंप, गिरणी, कुणाचा खोकला. मग एका आवाजावर तीन ओळी. मूल वऱ्हाडीत, झाडीबोलीत, गोंडीत किंवा कोरकूत लिहील तर लिहू द्या. ‘मले तो आवाज आयकून रडू आलं’ या वाक्यातलं ‘मले’ त्या दिवशी लाल शाईनं दुरुस्त केलं, तर पुढच्या वेळी रडू आल्याचं ते लिहिणारच नाही. वाचून दाखवणं ऐच्छिक ठेवा.

कलेसाठी फाल्गुनातला पळस आहेच. फक्त खाली पडलेली फुलं वेचायची. दोन-तीन ओंजळी फुलं एक लिटर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उकळली की केशरट पिवळा रंग मिळतो. चिमूटभर चुन्यानं तो गडद होतो. चूल आणि चुना शिक्षकाच्या हातात. चित्राला विषय देऊ नका, वेळ द्या.

मरणाबद्दल प्रश्न आला तर

कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात वर्गात बाप गमावलेलं पोर असू शकतं. सजीवांचं जीवनचक्र शिकवण्याआधी त्या मुलाशी एकट्यानं बोला, त्या तासाला बाहेर झाडांना पाणी घालायचं काम हवं का विचारा. ‘देवाला चांगली माणसं आवडतात म्हणून नेतो’ असं सांगू नका. पोर आईच्या चांगुलपणाचीही धास्ती घेतं. ‘झोपले’ असंही नको, मग रात्री झोपायची भीती बसते. ‘शरीर थांबलं. पुढचं वेगवेगळ्या घरी वेगवेगळं मानतात. तुला काय वाटतं?’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. मूल आठवडेच्या आठवडे गप्प किंवा चिडचिडं राहिलं तर घरच्यांशी बोला आणि आरोग्य केंद्रात दाखवायला सांगा. हे काम वर्गातल्या शांततेचं नाही.

नोंद कशी ठेवायची

याला गुण देऊ नका. एक सामायिक ‘प्रश्नांची वही’ खिडकीत दोरीनं बांधून ठेवा. ज्याला प्रश्न पडेल त्यानं लिहावा, नाव घालायची गरज नाही. लिहिता न येणाऱ्यांचा प्रश्न मोठ्या मुलांनी लिहून द्यावा. वर्णनात्मक नोंदीत ‘आध्यात्मिक वृत्ती चांगली’ असलं काही लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. ‘स्वतःहून प्रश्न विचारते’, ‘निरीक्षण अर्धवट सोडत नाही’, ‘दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबतो’ असं दिसलेलं लिहा. वहीत महिनाभर एकही नवा प्रश्न आला नाही, तर बहुधा आपणच फार बोलत आहोत. पुढचे दोन तास नुसते बाहेर काढा आणि वही सोबत न्या.